उत्तर: फुंकर मारून साखर तपासणे

श्वासातला ॲसिटोन नावाचा वायू सेन्सरने ओळखून ‘फुंकर मारली की रक्तातली साखर कळेल, सुई टोचायची गरजच नाही’ असा दावा केला जातो. त्यातलं सेन्सरचं म्हणणं खरं आहे. सेन्सरमधल्या टंगस्टन ऑक्साइडच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडून बसतो. ॲसिटोन आला की त्या ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया होते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि सेन्सरचा विजेला होणारा रोध घटतो. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, म्हणून दशलक्षात एखादा भागही पकडता येतो. (त्यासाठी कण दोन-तीनशे अंशांवर तापवावे लागतात, शिवाय श्वासातली वाफ मध्ये येते, ते वेगळंच.)

पण ॲसिटोन म्हणजे साखर नव्हे. शरीर चरबी जाळायला लागलं की तो वाढतो, मग मधुमेह असो-नसो. आमच्या नाशकात नवरात्रात नुसत्या पाण्यावर नऊ दिवस काढून सप्तशृंगी गडावर जाणारी माणसं आहेत. ठणठणीत असली तरी त्यांची फुंकर यंत्राला मधुमेह्याची वाटू शकते. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा हाणणाऱ्या उपासकऱ्यांना अर्थात ही भीती नाही, पिष्ट भरपूर! उलट टाइप २ मधुमेहातले बरेच जण साखर वाढलेली असूनही श्वासात निरोग्यांसारखेच दिसतात. आणि गंगापूर धरणाकडच्या वायनरीतून थेट तपासणीला येणाऱ्यांचं काय? इथेनॉललाही (दारूतल्या अल्कोहोललाही) हे ऑक्साइड प्रतिसाद देतात. म्हणून आता एकाऐवजी वेगवेगळ्या सेन्सरांचा संच वापरून वायूंचा एकत्रित नमुना ओळखण्यावर काम चालतं. तोवर ग्लुकोमीटर टाकू नका.