महिंद्रा एमएम ५४०: गरम इंजिनावर सेल्फ जड फिरतो; बदलावा की दुरुस्त करावा?

घाटवाट

नमस्कार. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे आणि तिच्यात मूळचेच प्यूजो एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे. सकाळी हीटर प्लगला पुरेसा वेळ दिला की गाडी लगेच सुरू होते. परंतु भोरहून वरंध घाटात जाऊन इंजिन बंद केले आणि थोड्या वेळाने पुन्हा चावी फिरवली, की सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार) अगदी जड फिरतो. कधी नुसता एकच ‘टक’ आवाज येऊन सारे थांबते आणि हल्ली क्वचित मोटार जोरात फिरल्याचा आवाज येतो, पण इंजिन जागचे हलत नाही. बॅटरी नवी आहे आणि तिची टर्मिनले स्वच्छ आहेत.

गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पूर्ण सेल्फ बदलायला सांगितले आहे. सध्याचा सेल्फ जुना लुकास-टीव्हीएसचा आहे आणि बाजारात त्याऐवजी स्वस्तात बसणारे बिननावाचे नवे सेल्फ मिळतात. जुनाच दुरुस्त करावा की नवा घ्यावा, आणि हे काम घरी करायचे झाल्यास कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

विद्युतमापक

घाटवाट, आपण सांगितलेली तीन लक्षणे एकाच बिघाडाची नसावीत, म्हणून ती वेगवेगळी तपासावीत. सेल्फ खोलण्याआधी साधा मल्टिमीटर घेऊन अर्धा तास मोजमापाला द्यावा, असा माझा आग्रह आहे. कारण जाड केबलमधला दोष सेल्फच्या माथी मारला गेल्याची उदाहरणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

इंजिन बंद करण्याची खेच ओढून ठेवावी, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि इंजिन सुरू न होता नुसते फिरेल. मग सोबत्याला चावी फिरवायला सांगून प्रथम बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच व्होल्टेज पाहावे. ते साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी नवी असूनही कमकुवत आहे, किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आहे. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरी सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विद्युतचुंबकी स्विचच्या) जाड केबलच्या बोल्टवर ठेवावी. सेल्फ फिरत असताना इथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसता कामा नये. शेवटी ऋण खुंटी आणि सेल्फचे लोखंडी अंग यांच्यात हेच मोजावे, तिथे ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक समजावे.

या आकड्यांचे महत्त्व लक्षात घ्यावे. डिझेल इंजिनाचा सेल्फ सहज ३०० अँपिअर ओढतो, आणि अशा प्रवाहाला वाटेत ०.००५ ओहम इतका नगण्य अडथळा आला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. एक्सडीपीसारख्या इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्शाहूनही लहान जागेत दाबली जाते, त्यामुळे त्या दीड व्होल्टची उणीव ताबडतोब जाणवते. त्यातच तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो; म्हणजे सेल्फ ५० अंशांनी तापला की त्याच्या वेटोळ्यांचा रोध जवळजवळ पाचव्या हिश्शाने वाढलेला असतो. सकाळी कसेबसे निभावणारी केबल दुपारी उघडी पडते, ती यामुळे.

इंजिन आणि चॅसिस यांच्यामधली अर्थिंगची पट्टी आवर्जून पाहावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ही पट्टी तुटली किंवा गंजली तर परतीचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलसारख्या मिळेल त्या वाटेने जातो. सेल्फ मारताना अशी एखादी केबल गरम लागली तर वेगळे निदान करण्याची गरज उरत नाही.

लेथशेड

वरील मोजमापाशी मी पूर्ण सहमत आहे. सेल्फच्या आतल्या भागांविषयी माझा अनुभव सांगतो.

मोटार फिरते आणि इंजिन हलत नाही, हे सहसा पिनियनमागच्या (सेल्फच्या टोकाच्या लहान दातेरी चाकामागच्या) एकदिश क्लचचे लक्षण असते, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास बेंडिक्स म्हणतात. त्यातले रोलर झिजले की पिनियन फ्लायव्हीलच्या दातांत जाते, पण पकड न घेता घसरते. हा भाग स्वतंत्र मिळतो आणि त्यासाठी पूर्ण सेल्फ टाकून देण्याचे कारण नाही. एकच ‘टक’ होऊन थांबणे म्हणजे बहुधा सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क जळालेले असणे, किंवा कार्बन ब्रश इतके झिजणे की त्यांची स्प्रिंग त्यांना कॉम्युटेटरवर (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर) दाबू शकत नाही. सलग ‘टक-टक-टक’ होत असते तर मी बॅटरीकडे किंवा सैल जोडणीकडे बोट दाखवले असते, कारण तेव्हा सोलेनॉइडचे धरून ठेवणारे वेटोळे व्होल्टेज कोसळताच सोडून देते आणि पुन्हा ओढले जाते.

गरम झाल्यावर जड फिरण्याचे कारण केबलमध्ये सापडले नाही, तर पितळी बुश (दांडा ज्यांत फिरतो ती कडी) पाहावेत. ते झिजले की आर्मेचर (सेल्फचा फिरता गाभा) खाली बसते आणि फील्डच्या (भोवतालच्या न फिरणाऱ्या विद्युतचुंबकांच्या) ध्रुवांना घासू लागते. आर्मेचरवर एका बाजूला चकाकणारे ओरखडे दिसले की समजावे. नवे बुश सच्छिद्र धातूचे असतात, म्हणून बसवण्यापूर्वी ते एक दिवस स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावेत आणि नंतर रीमर (भोक कापून मोठे करणारे हत्यार) मारू नये, कारण त्याने छिद्रे बुजतात आणि बुश कोरडा चालतो.

कॉम्युटेटर लेथवर अगदी हलक्या हाताने साफ करून घ्यावा. कारागीर सवयीने दोन पट्ट्यांमधला अभ्रक खोल कापायला निघाला तर त्याला थांबवावे. डायनॅमोत तसे करावे लागते, पण लुकास पद्धतीच्या अनेक सेल्फच्या दुरुस्तीपुस्तिकांत तसे करू नये असे स्पष्ट बजावलेले आहे. तसेच एकदिश क्लच रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुऊ नये, आतले कायमचे ग्रीस निघून जाते. तो कोरड्या फडक्याने पुसावा.

आर्मेचर ग्राउलरवर (वेटोळ्यांतले दोष दाखवणाऱ्या उपकरणावर) तपासून निर्दोष निघाले, तर माझे मत जुना सेल्फ दुरुस्त करण्याच्या बाजूने आहे. जुन्या सेल्फचे भाग आजही मिळतात, शिवाय त्याचे नाक आणि बैठक या बेलहाउसिंगला (फ्लायव्हीलवरच्या कवचाला) बरोबर बसते, हे तर सिद्धच आहे. आर्मेचर जळालेले असेल तर रिवाइंडिंगपेक्षा दुसरे आर्मेचर किंवा नामांकित कंपनीचा सेल्फ घ्यावा. तो घेताना जुना सेल्फ दुकानात सोबत न्यावा आणि पिनियनचे दात, फिरण्याची दिशा, बोल्टांतील अंतर आणि बैठकीपासून पिनियनपर्यंतची लांबी शेजारी ठेवून पडताळावी.

पायकळ

माझी गाडी सीजे-३बी ही जुनी जीप, पेट्रोलवर चालणारी, म्हणून थोडी वेगळी गोष्ट नोंदवतो. त्या पिढीच्या विलिज इंजिनांच्या अनेक सेल्फमध्ये खरा बेंडिक्स असतो, ज्यात पिनियन स्वतःच्या जडत्वाने मळसूत्रावरून पुढे फेकले जाते. तो मात्र रॉकेलने धुवावाच लागतो आणि त्याला ग्रीस अजिबात लावू नये, कारण धुळीने ग्रीस चिकट झाले की पिनियन पुढे सरकतच नाही. लेथशेड यांची सूचना एमएम ५४० साठी योग्य आहे, परंतु जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी ती आपल्या सेल्फला लावू नये. जुनी जीप ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आणली असेल तर सेल्फ कोणत्या व्होल्टेजचा आहे हेही पाहावे. ६ व्होल्टचा सेल्फ १२ वर फिरतो खरा, पण पिनियन दातांवर फार जोरात आदळते.

घाटवाट

सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप केले. धन बाजूला ०.३ व्होल्ट, पण ऋण बाजूला १.१ व्होल्ट फरक आला. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी चिखलाखाली निम्मी तुटलेली होती. नवी जाड पट्टी लावून, जोडाची जागा पत्रा दिसेपर्यंत घासून घेतल्यावर तो फरक ०.२ वर आला आणि गरम इंजिनावर सेल्फ स्पष्टपणे वेगाने फिरू लागला. मात्र सेल्फचा एकदिश क्लच घसरण्याचा आवाज कायम आहे, म्हणून सेल्फ उतरवणार आहे. उतरवताना आणि बसवताना काय पाहावे?

लेथशेड

प्रथम बॅटरीची ऋण केबल काढावी, आणि परत जोडताना तीच सर्वांत शेवटी जोडावी. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना अडण लावावी आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नये. हा सेल्फ चांगलाच जड असतो, म्हणून शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी त्याच्याखाली लाकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा. सोलेनॉइडचे नट सोडताना बोल्ट स्वतः फिरू देऊ नये. तो फिरला तर आतली जोडणी तुटते.

सेल्फ बाहेर असताना फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी रिंग गिअर पूर्ण वेढ्यात पाहावी, कारण ही संधी पुन्हा लवकर येत नाही. चार सिलिंडरचे इंजिन थांबते ते बहुतेक वेळा ठरावीक दोन जागांवर, म्हणून दातांची झीज समोरासमोरच्या दोन पट्ट्यांत दिसते. गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवून, चाकांची अडण काढून, ती हाताने थोडी थोडी ढकलत सेल्फच्या भोकातून टॉर्चने प्रत्येक दात तपासावा. गिअर लीव्हर न्यूट्रलला आणल्याशिवाय आणि अडण परत लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये. दातांची नुसती धार बोथट झाली असेल तर चालते. अर्धा दात खाल्ला गेला असेल तर सेल्फचा नवा एकदिश क्लच त्या जागी वाचणार नाही, आणि मग गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलण्याचे काम पुढच्या क्लचप्लेटच्या कामाबरोबर करावे.

बसवताना सेल्फची बैठक आणि बेलहाउसिंगचे तोंड दोन्ही तारेच्या ब्रशने घासून रंग व गंज काढावेत, कारण सेल्फला अर्थिंग तिथूनच मिळते. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, म्हणजे सेल्फ तिरका बसत नाही.