आउटडोअर डक्टमध्ये ढकला म्हणणाऱ्यांनी एकदा डक्टमध्ये उभं राहून दाखवावं

वैतागवाडी

परवा इथेच ‘माजी सचिव’ यांनी लेख टाकला. मथितार्थ असा की स्प्लिट एसीचे आउटडोअर दर्शनी भिंतीवर टांगल्यामुळे इमारतीची रया जाते, म्हणून प्रत्येक सोसायटीने ठराव करून ते मागच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या बोळात, हलवायला लावावेत. जो ऐकणार नाही त्याला दंड. खाली ‘अगदी सहमत’ची रांग. तिथे एवढं लिहिणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळा धागा.

अहो, आउटडोअरचं काम एकच, खोलीतली उष्णता बाहेर फेकणं. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट ओढतो, त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली दीडेक किलोवॅट वीज मिळवा. पावणेसात झाले. म्हणजे बाथरूममधले तीनहून जास्त गिझर एकदम चालू. मागून आणि बाजूने हवा घ्यायची, पुढून गरम करून सोडायची, एवढंच ते यंत्र करतं.

आता आमचा डक्ट बघा. चार बाय सहा फूट, त्यात संडास-बाथरूमचे सगळे पाइप, आणि सात मजल्यांवरच्या दोन-दोन फ्लॅटचे आउटडोअर समोरासमोर तोंड करून. खालच्याने सोडलेली हवा वरचा ओढतो, वरच्याची त्याच्या वरचा. एसीवरचे स्टार ज्या चाचणीवर मिळतात ती बाहेर 35 अंश धरून केलेली असते. एप्रिलमध्ये दुपारी तीनला सहाव्या मजल्यावरून डक्टमध्ये हात घाला आणि मग मला 35 सांगा. वरचे एसी दुपारभर ट्रिप होतात आणि लोक म्हणतात कंपनी भंगार. कंपनी नाही हो, जागा भंगार.

आणि सर्व्हिस? मागच्या उन्हाळ्यात आलेल्या पोराने बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या एकेक करून काढल्या, बेसिनमध्ये रचल्या, एक पाय फ्लशच्या टाकीवर आणि दुसरा बाहेर ड्रेनेजच्या पाइपावर ठेवला आणि त्या अवस्थेत कॉइलवर पाणी मारलं. कमरेला पट्टा नाही. विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, पट्टा आहे, अडकवू कुठे?’

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. जिथे माणूस दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आउटडोअरला हात लावू शकतो, तिथे तो बसवा. गॅलरी म्हणा, गच्ची म्हणा. इमारत फोटोत कशी दिसते हा शेवटचा प्रश्न.

माजी सचिव

धागा काढलात, उत्तम. फक्त सोयीचं तेवढंच उचललंत. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीच्या करोलबागेत वरच्या मजल्यावरचा आउटडोअर खाली स्कूटरवर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलावर पडला. मुलगा गेला. ते सीसीटीव्ही चित्रण देशभर फिरलं. आमच्या दर्शनी भिंतीखाली सकाळी शाळेच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात, आणि वर पंचवीस-तीस किलोची धुडं गंजक्या स्टँडवर. डक्टमध्ये पडलं तर निदान खाली कोणी नसतं.

शिवाय बाहेरची भिंत सोसायटीची, फ्लॅटधारकाची नव्हे. तिच्यात कोअर मारायचा तर लेखी परवानगी लागते. किती जणांनी घेतली? भोक पाडलं की पाइपाभोवती पुट्टीचा लपका मारतात, पहिल्या पावसात तो निघतो, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी ओल घेऊन कमिटीच्या दारात. रंगकाम काढलं तेव्हा आउटडोअर दोन दिवस उतरवा म्हटलं तर एकजण तयार होईल तर शपथ. गॅस गेला तर कोण भरणार म्हणे! शेवटी रंगाऱ्याने भोवतीने ब्रश फिरवला. एक एसी बदलला गेला आणि आता तिथे जुन्या पिवळ्या रंगाचा चौकोन झळकतोय. हे सगळं फुकटात सचिवपद भूषवणाऱ्याने निस्तरायचं.

वैतागवाडी

करोलबागेबद्दल दुमत नाही. पण तुमच्या लेखात पडण्याविषयी एक ओळ नव्हती, ‘रया’ मात्र तीनदा होती. आणि डक्टमध्ये खाली कोणी नसतं? तळमजल्यावर डक्टचं दार उघडून चेंबर साफ करायला जो आत शिरतो, तो तुमच्या हिशोबात कोणी नाही वाटतं.

पार्किंगग्रस्त

आउटडोअरला दंड लावणाऱ्या कमिट्या पाहुण्यांच्या जागेत कायम उभ्या असलेल्या गाड्यांना कधी दंड लावणार? सहज विचारलं.

फ्लेअरनट

ठाणे-डोंबिवलीत हीच कामं घेतो, म्हणून दोन शब्द. आउटडोअर पडतो तो बहुतेक वेळा फास्टनरमुळे, म्हणजे स्टँड भिंतीला धरणाऱ्या बोल्टमुळे. नव्या टॉवरच्या बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या. त्यात नेहमीचा अँकर फास्टनर ठोकताना घट्ट वाटतो, पण ब्लॉक पोकळसर, कॉम्प्रेसरच्या थरथरीने तो हळूहळू सैल होतो. तिथे एकतर बीम शोधायचा, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट टाकून आतून पट्टी द्यायची. गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘आत बोल्ट दिसेल, पीओपी खराब होईल.’ मग ठोका साधा. स्टँडही सगळ्यात स्वस्त हवा. खाऱ्या हवेत तो पहिल्यांदा वेल्डच्या जागी आणि नटाखाली सडतो, वरून पावडर कोटिंग मस्त पांढरं.

डक्टचं म्हणाल तर पाइप वाढतो. बॉक्सबरोबर साधारण तीन मीटर कॉपर येतं. हॉलपासून डक्ट आठ-नऊ मीटर. मॅन्युअलमध्ये ठरवून दिलेल्या लांबीच्या पुढे मीटरमागे किती ग्रॅम गॅस वाढवायचा ते लिहिलेलं असतं. वजनकाटा घेऊन येणारा मेकॅनिक पाहिलाय कोणी? व्हॅक्यूम पंप लावायचा तर तो पण नाही, सिस्टिममधलाच गॅस सोडून ‘हवा काढली’ म्हणतात. आता एसीत येणारा आर-32 हा थोडा का होईना पेट घेणारा गॅस. तो बंद डक्टमध्ये सोडायचा आणि शेजारच्या बाथरूममध्ये गॅस गिझर चालू. बघा बुवा.

पट्ट्याचं पण सांगतो. सीझनमध्ये दिवसाला इतके बसव असं वरून ठरलेलं असतं. पट्टा बांधण्यात जाणारी वीस मिनिटं कोणाच्या खात्यात टाकायची?

तुळसवृंदावन

वैतागवाडी, ‘गॅलरीत बसवा’ हे ज्या सहजतेने लिहिलंत त्यावरून तुमच्या घरी कपडे कोण वाळत घालतं ते कळलं. आमच्या गॅलरीत आउटडोअर आला आणि तिथे उभं राहणं बंद झालं. तुळस दुसऱ्या आठवड्यात करपली, मनीप्लांट गेला, दोरी काढावी लागली कारण उडालेला टॉवेल पंख्याच्या जाळीला चिकटून बसायचा. सासूबाई संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसायच्या, त्या आता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतात. दोन्ही पाय जमिनीवर हवेत म्हणता, पण ती जमीन आमची होती.

वैतागवाडी

ताई, कपडे मीच घालतो, पण असो. तुळशीचं वाईट वाटलं. तोंड रस्त्याकडे करून ग्रिलच्या उंचीला बसवला तर गरम हवा बाहेर जाते. अर्थात गॅलरीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून घेतल्या असतील तर तुमची गॅलरीच डक्ट झाली.

तुळसवृंदावन

काचा नाहीत. ग्रिल आहे. आणि बसवणाऱ्याने तोंड घराकडे केलं कारण त्याला पाइप वाकवायचा कंटाळा आला. बसवताना समोर उभं राहून सांगत होते, तर ‘मॅडम, सरांना बोलवा’.

फ्लेअरनट

तोंड घराकडे? काय बोलणार! ताई, ते फिरवून घ्या. पाइपाला थोडी मोकळीक असली तर तो कापावाही लागत नाही. पंप डाउन करून गॅस आउटडोअरमध्ये घ्यायचा, नट सोडायचे, फिरवून परत जोडायचं, पंपाने व्हॅक्यूम करायचं. तासा-दीड तासाचं काम.

चांगीवाले

सिंगापूरहून. इथे एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माणाच्या, घरात आउटडोअर भिंतीवर टांगायचा तर ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचाच लागतो आणि बसवणारा प्रशिक्षण घेतलेलाच लागतो. नव्या इमारतींत त्यासाठी वेगळा कट्टा असतो. वाद होतच नाहीत.

वैतागवाडी

आले. आमच्याकडेही बिल्डर कट्टा देतो हो. ब्रोशरमध्ये ‘एसी लेज’ म्हणून. दोन फूट खोल, पोचायला दार नाही, पुढे शोभेच्या आडव्या पट्ट्या, त्यातून गरम हवा परत मागे. तो कट्टा म्हणजे गुळगुळीत कागदावर छापलेला डक्ट.

संत्रानगरी

नागपुरातून वाचतोय. तुम्ही लोक 34 अंशांत एसीवरून भांडता हे बघून बरं वाटलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वरही जातो. कूलरमध्ये नवीन ताट्या, खाली पाणी, खिडकी उघडी. ना कॉपर ना फास्टनर.

फ्लेअरनट

मुंबईच्या दमट हवेत कूलर लावा आणि सकाळी पापड हातात घेऊन बघा.

गुटर्गूग्रस्त

मुख्य मुद्द्यावर कोणी येतच नाहीये. कबुतरं! डक्ट असो, लेज असो, आउटडोअर बसवला की भिंत आणि कॉइलमधल्या वीतभर फटीत घरटं ठरलेलं. काड्या, तारेचे तुकडे, झाडूच्या हिरांचा ढीग. कॉइलला पिसं चिकटली की हवा बंद, विष्ठेने कॉइलच्या पातळ पट्ट्या सडतात. माझ्या मामांना फुप्फुसाचा त्रास झाला तेव्हा छातीच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, खिडकीशी कबुतरं बसतात का. जाळी लावल्याशिवाय आउटडोअर बसवूच देऊ नये असा ठराव करा. बाकी ठराव नंतर.

मुक्याप्राण्यांसाठी

तुम्ही त्यांच्या जागेत इमारती बांधल्यात, आता आउटडोअरमागची वीतभर फटही नको त्यांना? आमच्या मेकॅनिकने अंडी दिसल्यावर हात लावायला नकार दिला. मला त्याचा अभिमान वाटला. दोन अंडी असतात, अठरा दिवस उबवतात, त्यापुढे महिन्याभरात पिल्लं उडून जातात. तेवढं थांबा ना.

गुटर्गूग्रस्त

उडून जातात आणि दुसऱ्या आठवड्यात तीच जोडी परत अंडी घालते. बारमाही कार्यक्रम आहे तो. ‘तेवढं थांबा’ म्हणणाऱ्यांनी माझ्या बेडरूमची खिडकी उघडून एक रात्र झोपावं.

मुक्याप्राण्यांसाठी

माणसांना माणसांची घाण चालते. नाल्यावर कोणी मामांना घेऊन जात नाही.

गुटर्गूग्रस्त

मामांवर घसरायचं काम नाही. ऑक्सिजनवर आहेत ते. दाणे टाकणारे खाली टाकून पुण्य कमावून जातात, खोकला वरच्या मजल्यांनी घ्यायचा. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावरची ताडपत्री फाडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत होतात का तुम्ही?

संत्रानगरी

कूलरवर पण बसतात, खोटं कशाला बोलू.

मुक्याप्राण्यांसाठी

टाळ्या वाजवल्या नाहीत. जाळीला माझा विरोध नाही, फक्त आत घरटं असताना लावू नका. पिल्लं आत, आई बाहेर अशी जाळी मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा सोसायटीला जाग आली.

गुटर्गूग्रस्त

बरं. रिकामी असताना लावू. अशी वेळ कधी येते ते तुम्हीच कळवा, पंचांग तुमच्याकडे आहे.

पार्किंगग्रस्त

माझ्या गाडीच्या बॉनेटवर जे पडतं ते वरच्या आउटडोअरवर बसलेल्या कबुतरांचं आणि वरच्याच एसीच्या ड्रेनचं पाणी असं मिळून पडतं. नोंद असावी.

फ्लेअरनट

ते पाणी आउटडोअरचं नसतं, आतल्या युनिटचं असतं. ड्रेन पाइप कॉपरसोबत बांधून बाहेर सोडून देतात, म्हणून सगळे आउटडोअरला शिव्या घालतात. पावसाळी पाण्याच्या पाइपात नेऊन सोडला तर एक थेंब पडणार नाही, पण दोन मीटर जास्त पीव्हीसी लागतो. जाळी कॉइलला चिकटवून लावू नका, जरा लांबून लावा आणि एका बाजूने उघडणारी ठेवा. नाहीतर सर्व्हिसवाला ती ब्लेडने कापतो आणि पुढच्या वेळी कबुतर त्याच भोकातून आत.

माजी सचिव

कबुतरांवर वेगळा धागा काढा अशी विनंती. फ्लेअरनट यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. सध्याच्या कमिटीला एक मसुदा देणार आहे: परवानगीच्या अर्जासोबत भिंत कसली, फास्टनर कसला, पाइप किती मीटर आणि ड्रेन कुठे जाणार हे मेकॅनिकने लिहून सही करायची. डक्ट सक्तीचा नसेल. बसथांब्याच्या वरचे चार मात्र उतरवायचेच, त्यात तडजोड नाही.

वैतागवाडी

म्हणजे लेख मागे घेतला असं समजायचं का?

माजी सचिव

समजू नका. दंडाचं कलम तसंच आहे. आणि रया जातेच.

तुळसवृंदावन

मसुद्यात ‘आउटडोअरचं तोंड कोणीकडे’ हा रकाना घाला. आणि सही त्या घरात कपडे वाळत घालणाऱ्याचीही घ्या. वैतागवाडींनी आधी करून दाखवावी.

फ्लेअरनट

सगळं लिहून सही करणारा मेकॅनिक मे महिन्यात सापडला तर मलाही त्याचा नंबर द्या, कामाला ठेवतो. काय ते ठराव-बिराव फेब्रुवारीपर्यंत उरका. होळीनंतर आमच्यातलं कोणी फोन उचलत नाही.