बंद ओव्हनमध्ये मोबाईल वाजला. दारातून लहरी गळतात का?

प्रश्न (कासारवडवली, ठाणे)
नमस्कार. मायक्रोवेव्ह सुरू केला की सासूबाई नातवाला घेऊन स्वयंपाकघराबाहेर जातात. त्यांची भीती जावी म्हणून मी ओव्हनचा प्लग काढला, मोबाईल आत ठेवून दार लावले आणि दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. मोबाईल वाजला! मोबाईलच्या लहरी आत शिरतात, तर ओव्हनच्या बाहेर येत नसतील कशावरून?

उत्तर (नेरूळ)
ताई, प्लग काढलात हे उत्तम केलेत, परंतु या प्रयोगातून गळती सिद्ध होत नाही. एका वॅटच्या अब्जांश भागाहूनही क्षीण संदेश मोबाईलला पुरतो, त्यामुळे दाराने बहुतांश लहरी अडवल्या तरी तो वाजू शकतो. शिवाय ओव्हनची वारंवारता 2450 मेगाहर्ट्झ, म्हणजे लहरीची लांबी सुमारे 12 सेंटीमीटर असते. काचेमागच्या जाळीची एक-दोन मिलिमीटरची छिद्रे तिला अडवतात, प्रकाशाला मात्र सोडतात, म्हणून आतली वाटी दिसते. दाराच्या कडेला आतून लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खाच असते. तीत शिरलेली लहर उलटी होऊन परतते आणि फटीतून निसटू पाहणाऱ्या लहरीला तिथेच खोडते. ही योजना 2450 मेगाहर्ट्झसाठीच असल्याने 900 किंवा 1800 वर चालणाऱ्या कॉलवरून तिची परीक्षा होत नाही. मोबाईल डेटा बंद करून, ओव्हनच्या जवळपासच्याच वारंवारतेवर चालणाऱ्या 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायची ताकद आत आणि बाहेर मोजून पाहा.

उत्तर (वाशी)
मी ओव्हन दुरुस्त करतो. पृष्ठभागापासून 5 सेंटीमीटरवर गळती दर चौरस सेंटीमीटरला 5 मिलिवॅटपर्यंतच चालते, आणि अंतर दहापट झाले की ती साधारण शंभरावा हिस्सा उरते. तिचे खरे मोजमाप मीटरनेच होते. घरी एवढे पाहा: आत पेलाभर पाणी ठेवून ओव्हन चालू करा व मध्येच दार उघडा; तो तत्क्षणी थांबलाच पाहिजे. दार वाकलेले किंवा जाळी फाटलेली असेल तर वापर थांबवा. मागचे झाकण मात्र कोणीही घरी उघडू नये; प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. वाय-फायचे माप बाहेर उणे 38 होते, दार लावल्यावर उणे 78 च्या आसपास आले. हे माप डेसिबलमध्ये असते; चाळीस डेसिबलची घट म्हणजे दहा हजारावा हिस्सा, हे सासूबाईंनी स्वतः कागदावर मांडून पाहिले. दार उघडताच ओव्हन थांबतो. दाराच्या खालच्या कडेला वाळलेल्या आमटीचा थर होता, तो ओल्या फडक्याने काढला. बिजागरी किंचित सैल वाटते, ती शनिवारी दुरुस्तीवाल्याला दाखवणार आहे.