बाईकचं फेअरिंग (बाहेरची प्लास्टिकची पॅनेल) घरी काढतोय, एक बोल्ट नुसता फिरतोय आणि टाकीजवळ पॅनेल अडकलंय, काय करू?

नवा_हात
नमस्कार मंडळी. फुल फेअरिंगची, लिक्विड कूल्ड बाईक आहे. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे इतके बसलेत की ट्रॅफिकमध्ये फॅन बंदच होत नाही, म्हणून दोन्ही साइडची पॅनेल काढून नीट धुवायचं ठरवलं. मागे वर्कशॉपमध्ये काढून घेतली होती तेव्हा एक लॉक तुटलं आणि कुणी सांगितलं पण नाही, घरी आल्यावर पॅनेल खडखडायला लागलं तेव्हा मला कळलं. फार वाईट वाटलं होतं, म्हणून यावेळी स्वतःच करतोय. डावीकडचे दिसतील तेवढे बोल्ट काढले, 4 आणि 5 एमएमची ॲलन की लागली. पण खालचा एक बोल्ट नुसता गोल फिरतोय, ना घट्ट होत ना बाहेर येत. आणि वरचं टोक टाकीपाशी अडकलंय, ओढलं की प्लास्टिक करकरतं. अजून जोर लावू का? परत बसवताना काय बघायचं तेही सांगा, मागच्या वेळी भोकंच जुळत नव्हती म्हणे.

दहाचा_पाना
भाऊ आधी हात काढ तिथून, ओढू नकोस. करकरतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी अजून धरून आहे, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा एखादा बोल्ट नाहीतर पिन राहिलेली असते. हँडलच्या बाजूने आत टॉर्च मारून बघ, काळ्या आतल्या पॅनेलवर एक प्लास्टिकची पिन असते, धुळीने भरली की दिसतच नाही. तिच्या मधला ठिपका बारीक टोकाने आत दाबायचा, टक् असा आवाज आला की अख्खी पिन नखाने निघते. जास्त दाबू नकोस, नाहीतर मधला भाग आरपार आत पडतो. सीट काढून टाकीच्या बाजूलाही बघ, काही गाड्यांना आरशाचे बोल्टच फेअरिंग धरून असतात.

सगळं निघालं की मग उरतात खुंट्या. पॅनेलच्या मागे प्लास्टिकची खुंटी असते आणि ती रबरी बुशात घुसलेली असते. कोपरा धरून ओढलं की ती खुंटीच मोडते, म्हणून खुंटी जिथे आहे त्याच्या शक्य तितक्या जवळ तळहात घालून सरळ बाहेर ओढायचं. त्यानंतर पॅनेल लगेच लांब नेऊ नकोस, इंडिकेटरची वायर मागे लटकत असते. कनेक्टरचं लॉक दाबून सोडव, वायर धरून खेचू नकोस.

आटे_गेलेला
फिरणाऱ्या बोल्टचं मी सांगतो, माझ्या गाडीवर दोनदा झालंय. तिथे साधा नट नसतो, रबराच्या नळीत पितळेचा नट बसवलेला असतो, त्याला वेल नट म्हणतात. बोल्ट आवळला की रबर मागून फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. रबर जुनं झालं किंवा आटे गंजले की अख्खा नट बोल्टबरोबर फिरतो. पॅनेल आणि ब्रॅकेटच्या मधे प्लास्टिकची पट्टी घालून पॅनेल हलकंच स्वतःकडे ओढून धर आणि त्याच वेळी बोल्ट सावकाश फिरव, ताण आला की रबर अडतं आणि बोल्ट सुटायला लागतो. मागून हात जात असेल तर लांब तोंडाच्या पक्कडीने रबर धर. तरीही नाही निघालं तर पातळ ब्लेडने रबराचा गळा काप, बोल्टसकट बाहेर येईल, नवीन वेल नट टाकायचा. ड्रिल मारू नकोस, बोल्ट ड्रिलबरोबर फिरतो आणि तापून आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं.

नवा_हात
दादा पिन सापडली!! वायझर आणि टाकीच्या मधल्या खाचेत होती, मातीचा थर पुसल्यावर दिसली. पॅनेल लगेच हातात आलं. वेल नट मात्र कापावा लागला. जाळी इंजिनच्या बाजूने बाहेर अशी साध्या पाण्याने धुतली, प्रेशर मारलं नाही, पत्र्या वाकतात म्हणून. आता बसवायचंय. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून निळं थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावू का?

रस्ताच_घर
लाव की, मी सगळीकडे लावतो.

दहाचा_पाना
नको, हे मनापासून सांगतोय. थ्रेडलॉक ओघळून एबीएस प्लास्टिकवर गेलं की प्लास्टिक ठिसूळ होतं आणि बोल्टच्या भोकाभोवती केसासारख्या भेगा पडतात, आज नाही दिसत, काही दिवसांनी तुकडाच पडतो. फेअरिंगचा बोल्ट थ्रेडलॉकवर नाही, रबरावर टिकतो.

बसवताना आधी पॅनेलची लॉकं खाचेत, मग खुंट्या बुशात. बुशाला साबणाचं पाणी लाव, साधं ग्रीस नको, रबर फुगतं त्याने. त्यानंतर सगळे बोल्ट हाताने फक्त दोन तीन आटे फिरव, एकही घट्ट करू नकोस. तुझी भोकं जुळत नव्हती ना, त्याचं कारण बहुतेक हेच, पहिला बोल्ट आवळला की पॅनेल तिथेच गच्च होतं आणि शेवटचं भोक दोन एमएम बाजूला जातं. सगळे लागले की मग थोडे थोडे आवळायचे. बोल्टखाली लोखंडी बुश असेल तर ती हरवू नकोस, बोल्ट तिच्यावर टेकून थांबतो, ती नसेल तर सगळा दाब प्लास्टिकवर येतो. इंजिन कव्हरच्या 6 एमएम बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर देतात, इथे तेवढं दिलंस तर पॅनेलचा कान, म्हणजे बोल्टच्या भोकाचा भाग, फुटलाच समज. ॲलन कीची छोटी बाजू हातात धरून फिरव, जोर आपोआप कमी लागतो.

आणि लांब बोल्ट लांबच्याच जागी. उजवी बाजू काढताना पुठ्ठ्यावर पॅनेलचं चित्र काढ आणि जिथला बोल्ट तिथेच खोच. शेवटी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, केबल कुठे चिमटतेय का, आणि इंडिकेटर लावून बघ.

नवा_हात
बसलं, सगळी भोकं जुळली, खडखड अजून थोडी आहे कारण ते जुनं लॉक तुटलेलंच आहे. तुकडा मी जपून ठेवला होता. चिकटवता येईल?

आटे_गेलेला
पॅनेलच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात एबीएस किंवा पीपी, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार, लिहिलेलं असतं ते बघ. एबीएस असेल तर ॲसिटोनमध्ये एबीएसचेच तुकडे विरघळवून घट्ट पेस्ट कर, दोन्ही तुटलेल्या कडा सँडपेपरने खरखरीत कर आणि मागच्या बाजूने पेस्ट भर. रंगाच्या बाजूला थेंबही जाऊ देऊ नकोस, रंग उचलतो. खिडकी उघडी ठेव, जवळ आग नको. पीपी असेल तर ॲसिटोनचा उपयोग शून्य, त्याला पीपीच्याच कांडीने वेल्डिंग करावं लागतं. पेस्ट भरलीस तर दुसऱ्या दिवसापर्यंत पॅनेल गाडीवर चढवू नकोस, वरून कडक वाटतं पण आत ओलंच असतं.