दगडी सूर्यघड्याळाचा काटा हलवू नका

कुणीतरी लिहिलंय की जुनं दगडी सूर्यघड्याळ पंधरा मिनिटं चुकतंय, तर काटा (सावली पाडणारी पट्टी) जरा फिरवून घ्यावा. कृपया तसं करू नका! ते चुकत नाहीये. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्याची वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या सरासरी वेळेपेक्षा साधारण 16 मिनिटं पुढे, तर फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे असते. शिवाय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून दर अंशाला 4 मिनिटांचा फरक. काट्याचा आडव्या पातळीशी कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका असतो, तो एकदा बिघडला की दगडावरच्या सगळ्या रेघा निरुपयोगी.

खरी काळजी काट्याच्या बुडाशी आहे. काटा लोखंडी असेल तर ते लोखंड गंजून फुगतं आणि दगडाला तिथूनच चीर जाते. खोबणीभोवती तांबूस ओघळ दिसले तर लगेच जाणकाराला दाखवा. चीर सिमेंटने बुजवू नका, मऊ दगड त्याच्या कडेने ढासळतो. आणि अ‍ॅसिड, तारेचा ब्रश तर नकोच नको. पुसट झालेले आकडे वाचायचे असतील तर अंधारात टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. मिटल्यासारख्या वाटणाऱ्या रेघाही सावली धरतात. त्याच उजेडात फोटो काढून ठेवा.