मदत हवी आहे: आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, रात्रीची काळजी

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात पुण्यात आईचं गुडघ्याचं रिप्लेसमेंट आहे (वय ७२, डायबेटिस). ऑपरेशनची नाही, पण रात्रीची धास्ती वाटते. "कशाला कुणाची झोपमोड" म्हणून ही बाई बेल न दाबता एकटीच बाथरूमला निघणार, खात्री आहे! पलंगाचे कठडे वर केले तर त्यावरून उतरायला बघेल. तुम्ही काय केलंत? कमोड खुर्ची वॉर्डात मिळते की आपली न्यावी? मागून पट्टा असलेल्या, न घसरणाऱ्या चपला कुठे मिळतील?

बीपी, शुगर आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. नावं-डोस लिहून फाइलला लावतेय. कुठली कधी थांबवायची ते सर्जन आणि भूलतज्ज्ञच सांगतील. पण घरच्या गोळ्या आपल्याकडे ठेवू देतात की सिस्टरकडे द्यायच्या?

आणि भेटायला येणाऱ्यांना कसं थोपवायचं? मावशी-काकूंचा ताफा शहाळी घेऊन येणारच, त्यात शुगरवाल्यांना इन्फेक्शनचा धोका जास्त. कुणाला न दुखावता "घरी आल्यावर या" कसं सांगितलंत? रात्री सोबतीला पगारी मावशी (आया) ठेवल्या असतील तर तोही अनुभव सांगा.