कर्नलच्या वॉर्निंगचा मेसेज 'कट हिअर'च्या आधीच छापला जातोय, क्रम सरळ कसा करू?

मंडळी, दोन दिवस डोकं आपटतोय, कुणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

एक इंडस्ट्रियल पीसी आहे, एक्स८६, त्यावर व्हेंडरने दिलेला लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) ४.१३ (बदलून देत नाहीत, तो विषयच नको). आमच्या ड्रायव्हरमध्ये मी वॉर्न() (काही बिघडलं की लॉगमध्ये इशारा छापणारा कॉल) टाकलंय आणि एक छोटी स्क्रिप्ट डीमेसगमधून (कर्नलचा लॉग) 'कट हिअर' ते 'एंड ट्रेस' एवढा तुकडा कापून मला मेल करते. मेल येतो, त्यात सीपीयू, पीआयडी, मॉड्युल्स, कॉल ट्रेस सगळं असतं, फक्त मी लिहिलेला मेसेज तेवढा नसतो! अख्खा लॉग उघडला तर हे असं:

[४१२.०८३११७] रिंग भरली, हेड=१७ टेल=१८
[४१२.०८८९०२] ------------[ कट हिअर ]------------
[४१२.०९१६४४] वॉर्निंग: सीपीयू: १ पीआयडी: ८४० ...

४.९ वाल्या जुन्या मशीनवर हीच स्क्रिप्ट गुपचूप चालते. तात्पुरतं ग्रेपला (ओळी शोधायची कमांड) 'कट हिअर'च्या रेघेच्या वरची एक ओळ पण घ्यायला लावलं, तर नेमकी मध्ये यूएसबीची ओळ घुसली आणि मेलमध्ये काय, तर नवीन कीबोर्ड सापडल्याची बातमी. माझं नक्की चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
अरे तुझं काही चुकत नाहीये, कर्नलचंच आहे ते. आधी एक्स८६ वर वॉर्न() साधं फंक्शन कॉल करायचं, ते आधी रेघ छापायचं. ४.१२ पासून ते मुद्दाम चुकीची इन्स्ट्रक्शन चालवून ट्रॅप घेतं (म्हणजे सीपीयू हातातलं सोडून कर्नलच्या हँडलरकडे जातो), मेसेज ट्रॅपच्या आधी प्रिंटके (कर्नलचं छापायचं फंक्शन) होतो आणि रेघ ट्रॅपच्या हँडलरमध्ये, म्हणून उलटं. ४.१५ मध्ये सरळ केलंय, तो पॅच बॅकपोर्ट कर (तुझ्या जुन्या कर्नलला लाव). फक्त एक गोम आहे, त्या पॅचने मेसेज नसलेल्या नुसत्या वॉर्न_ऑन() ची रेघच गायब होते, ते २०१९ मध्ये निस्तरलं, म्हणून ५.४ मधला बदल पण बघून घे.

धागाकर्ता
दादा, लय उपकार! पहिला पॅच लावला, मेसेज आता रेघेच्या खाली येतो. वॉर्न_ऑन()ची रेघ खरंच गेली, तुम्ही बोलला नसतात तर अजून दोन दिवस गेले असते. पण यूएसबीच्या घुसखोरीचं काय?

प्रतिसाद १
दुसऱ्या सीपीयूची ओळ मध्ये येणारच. कोणती ओळ कुणाची ते दाखवायचा प्रिंटके कॉलर ऑप्शन ५.१ पासून आहे, तुझ्या ४.१३ मध्ये नाही. तोवर मेसेजच्या सुरुवातीला ड्रायव्हरचं नाव टाक आणि त्यावर ग्रेप मार.